शूर्पणखेचं नाक नाशकात कापलं, आमचं कँडीत

श्रीलंकेच्या टूरमध्ये आम्ही फसलो. आधी त्याचे आकडे सांगतो, म्हणजे "काका, किती गेले?" असं परत कोणी विचारायला नको. चौघांचे मिळून २,७४,००० रुपये नाशकातच दिले. श्रीलंकेत पोचल्यावर आणखी ६६० डॉलर, कार्डावर ५७,२०० रुपये पडले. परतीची चार तिकिटं १९,८५० प्रमाणे, ७९,४००. बेरीज ४,१०,६००, तिथे भरलेली प्रवेशशुल्कं सोडून. छापील पत्रकात माणशी ७४,५०० लिहिलेली टूर आम्हाला माणशी १,०२,६५० ला पडली, तीही तुकड्यातुकड्यांत.

मी नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालोय. पस्तीस वर्षं नोटांत काढली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पोलीस ठाण्यात हेच ऐकून हवालदार हसला होता. तुम्हीही हसून घ्या.

ज्याने फसवलं तो टूरवाला अगदीच अनोळखी नव्हता. फोनवरच्या भामट्याला ओटीपी देणाऱ्यांतला मी नाही. २०२३ मध्ये ह्याच माणसाबरोबर आम्ही काशी-अयोध्या केली होती. ठरल्या वेळी गाडी, दोन्ही वेळा वरणभात, हिचा गुडघा दुखला तर स्वतः व्हीलचेअर घेऊन आला. गंगापूर रोडला काचेचं ऑफिस, भिंतीवर फ्रेम केलेलं शॉप ॲक्टचं लायसन्स, खाली जीएसटी नंबर. अशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा? (शॉप ॲक्टचा कागद एवढंच सांगतो की इथे दुकान आहे. आणि जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द, ते दोन मिनिटांत दिसतं. माझ्या भाच्याने टाकून बघितला. रद्द होता. पण बघितला कधी, तर परत आल्यावर.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये तो घरी आला. श्रीलंका, सहा रात्री सात दिवस. सिगिरिया, दांबुल्ला, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, गाल, कोलंबो. मला म्हणाला, "काका, डोंगर, चहाचे मळे, समुद्र, सगळं एका बेटात." मग हिच्याकडे वळून, "काकू, सीतामाईला पंचवटीतून जिथे नेलं, तिथे मी तुम्हाला नेतो. अशोकवाटिकेत." झालं. आम्ही नाशिकवाले. सीतागुंफेत वाकून वाकून आत शिरलेली माणसं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझं डोकं बंद पडलं. उत्साहाच्या भरात सिन्नरच्या साडूंना मीच फोन केला. हे शल्य पैशापेक्षा मोठं आहे. साडू अजून काही बोलत नाहीत, नुसते "असो" म्हणतात. तो "असो" ऐकण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

आता तो क्षण. रात्री तीनला जाग येते तेव्हा हाच डोळ्यांसमोर येतो.

आगाऊ रक्कम ४०,००० मी त्याच्या ऑफिसात बसून यूपीआयने दिली. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव आलं, ते कंपनीचं नव्हतं. कुठल्यातरी बाईचं होतं. मी ते वाचलं. चष्मा लावून वाचलं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मिसेसचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची लिमिट संपलीय आजची." आणि मी पिन टाकला. पैसे जायच्या आधी मोबाइल समोरच्याचं नाव दाखवतो ते ह्याचसाठी ना? कंपनीचे पैसे कंपनीच्या चालू खात्यातच जायला हवेत. बायकोच्या, मेहुण्याच्या, ड्रायव्हरच्या खात्यात एक रुपया टाकू नका.

पण ते तरी समजून घेता येईल. पुढचं नाही. तो म्हणाला, "काका, ७४,५०० मध्ये जीएसटी आणि टीसीएस धरलाय. पक्कं बिल नको असेल आणि बाकीचे रोख दिलेत तर ६८,५०० करतो." (टीसीएस म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारात भरायचा आयकर.) माणशी ६,००० सुटत होते, चौघांचे २४,०००. मी मान डोलावली. लपवून काय करू? आमच्याएवढ्या रकमेच्या परदेशी टूरवर तेव्हा पाच टक्के टीसीएस होता आणि तो कुठे बुडत नाही, आपल्या पॅनवर जमा होतो, तेव्हा फॉर्म २६एएस ह्या कराच्या सरकारी उताऱ्यात दिसायचा, विवरणपत्र भरलं की वळता होतो. म्हणजे जे वाचवलं म्हणून मी खूश होतो, त्यातले बरेचसे माझेच मला परत मिळणार होते. उलट टीसीएस भरला असता तर २६एएसमध्ये एजंटचं नाव, रक्कम, तारीख, सगळं सरकारदरबारी नोंदलं गेलं असतं. आज तेवढ्या एका ओळीसाठी मी वणवण फिरतोय.

रोख दोन वेळा दिले. आधी १,५०,०००, मग ८४,०००. दुसऱ्या खेपेला त्याने माझ्या नोटांतली एक पाचशेची काढून उजेडात धरली. गमतीने. म्हणाला, "काका, प्रेसवाल्याच्या नोटा तपासायला नकोत म्हणा." आणि मी, शहाणा, त्याला शिकवायला बसलो. ती तार तिरकी धर, हिरवी आहे ती निळी होते बघ. कडेच्या रेघांवर बोट फिरव. नंबरचे आकडे डावीकडून मोठे होत जातात. दहा मिनिटं माझं व्याख्यान चालू, आणि तेवढ्यात त्याने वहीतलं अर्धं पान फाडून त्यावर "८४,००० मिळाले" लिहून हातात दिलं. शिक्का नाही, पावती क्रमांक नाही, सही म्हणजे एक वेटोळं. मी ते घडी घालून खिशात ठेवलं. माझ्या प्रत्येक नोटेची खात्री करून देऊन मी तो चिठोरा घेऊन घरी आलो.

जानेवारी २०२५ मध्ये निघालो, एकूण चौदा जण. मुंबई-कोलंबो विमान खरं होतं, ईटीए, म्हणजे श्रीलंकेची ऑनलाइन प्रवेशपरवानगी, खरी होती. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. (ईटीए घरबसल्या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही काढता येते. त्यावरून हॉटेलचे पैसे भरलेत की नाहीत ते कळत नाही.) तो स्वतः आला नाही. आईला बरं नाही म्हणाला. काशीला स्वतः आला होता आणि इथे नाही, हेही खटकायला हवं होतं.

पहिल्या दोन रात्री दांबुल्ल्याला. सिगिरिया बघितलं, पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा त्या भल्या मोठ्या खडकावरचा किल्ला. बाराशेच्या आसपास पायऱ्या. ही सिंहाच्या पंजांपाशी बसून राहिली, मी वर गेलो. वरून चारी बाजूंना जंगल, मधे तळी. खोटं बोलणार नाही, डोळ्यांचं पारणं फिटलं. पण खाली तिकिटाच्या खिडकीपाशीच पहिली घंटा वाजली होती. पत्रकात "सर्व प्रवेशशुल्कासह" लिहिलेलं, आणि ड्रायव्हर-गाइड प्रत्येकाकडून पैसे मागतोय. तो बिचारा म्हणाला, पासपोर्ट द्या, सार्क देशांतल्या लोकांना तिकीट कमी लागतं. आम्ही भरले आणि "जाऊ दे, गेल्यावर बघू" म्हणालो. चौदा सुशिक्षित माणसांपैकी एकानेही नाशिकला फोन केला नाही. दांबुल्ल्याच्या लेण्यांत तर पुन्हा भरले.

तिसऱ्या दिवशी कँडी. बुद्धाच्या दंतमंदिरात संध्याकाळची पूजा बघितली, तळ्याकाठी फिरलो. चौथ्या दिवशी सकाळी आठला बॅगा हॉटेलच्या दारात लावून बसलो. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. गाइड येरझाऱ्या घालत फोनवर. शेवटी आला आणि खालच्या मानेने म्हणाला, "सर, नो पेमेंट. बस नॉट गोइंग." त्याच्या कंपनीला नाशिकहून फक्त पहिल्या तीन रात्रींचे पैसे पोचले होते. पुढची हॉटेलं, बस, जेवण, कशाचा एक पैसा नाही. त्याने मोबाइलवरचे मेसेज दाखवले. आठ दिवस ते लोक आमच्या माणसाकडे बाकी मागत होते आणि तो "टुमारो, टुमारो" करत होता. म्हणजे आम्ही घरी बॅगा भरत होतो तेव्हाच त्याला ठाऊक होतं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून मागची टूर चालवायची, ही पद्धत आता तुम्हाला मी काय समजावणार.

त्याचा फोन बंद. ऑफिसचा लागतो, कोणी उचलत नाही. चौदा जण लॉबीत, दोघींचं बीपी वाढलेलं, एक आजोबा इन्सुलिनवाले. अकराच्या सुमाराला पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याने आमची तिकिटं तपासली होती. जातानाच्या तिकिटावर तेरा आकडी तिकीट क्रमांक होता. परतीच्या कागदावर नुसता सहा अक्षरी पीएनआर. म्हणजे जागा फक्त धरून ठेवली होती, तिकीट काढलंच नव्हतं, आणि धरलेली जागाही केव्हाच सुटली होती. हे लक्षात ठेवा. नुसता पीएनआर म्हणजे तिकीट असेलच असं नाही. तिकीट क्रमांक आहे का ते जातानाच्या आणि येतानाच्या, दोन्ही कागदांवर बघा, आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. हॉटेलांनाही निघायच्या आधी स्वतः मेल करून विचारा, आमच्या नावाने पैसे आलेत का.

पुढची टूर चालवायला तिकडच्या कंपनीने घासाघीस करून माणशी १६५ डॉलर घेतले. त्यात गाल हे शहर वगळलं. ज्या किल्ल्याचं चित्र पत्रकाच्या पहिल्या पानावर होतं, तो आम्ही बघितलाच नाही. पण त्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांनी पावती दिली, शिक्क्यासकट.

पुढचं फिरणं मी फिरलो म्हणजे काय, बसमध्ये बसून होतो. रंबोड्याचा धबधबा, चहाचे मळे, नुवारा एलियाची थंडी. अशोकवाटिका मानतात त्या सीता एलियाच्या देवळात ही ओढ्याकाठी बसून रडली. दोन महिने ज्या क्षणाची वाट बघितली, तिथे हात जोडताना माझ्या डोक्यात परतीच्या तिकिटांचे दर चालू होते. एल्लाच्या आगगाडीचं आरक्षण महिनाभर आधी उघडतं. त्याने केलंच नव्हतं, मग नानू ओया स्टेशनवरून तिसऱ्या वर्गात उभं राहून गेलो. नऊ कमानींचा पूल बघितला. १९२१ सालचा, लोखंड न वापरता विटा-दगडांत बांधलेला. सगळ्यांनी फोटो काढले. माझ्या फोटोत मी हसतोय, कसा ते ठाऊक नाही.

साडू शेवटच्या दिवशी एकदाच म्हणाले, "लक्ष्मणाने नाक आपल्याकडेच कापलं होतं ना?"

नाशकात परतलो आणि खरी यात्रा सुरू झाली. आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो. तिथे म्हणाले, पैसे जिथे दिले तिथल्या ठाण्यात जा. तिथे गेलो तर म्हणाले, राहता कुठे, तिकडे जा. आता कायद्यात स्पष्ट आहे, हद्द कोणाचीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि मग तिकडे पाठवायचा. हे मी बोललो. "काका, कायदा आम्हाला शिकवता का?" चार वेळा गेलो. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा सुट्टीवर, दोनदा सिंहस्थाच्या नियोजनाच्या बैठकीला. कुंभमेळा २०२७ ला, आणि माझा अर्ज २०२५ चा पडून! पाचव्या वेळी साहेब भेटले. अर्ज उलटा-सुलटा करून म्हणाले, "तुम्ही गेलात ना? फिरलात ना? मग फसवणूक कसली? सेवेत कमतरता म्हणा. हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, परतीचं तिकीट काढलंय असं सांगून कागद दिला, तिकीट काढलंच नव्हतं, ही काय कमतरता झाली का? तर म्हणाले, "बिल दाखवा." बिल नाही. "रोख कशी दिली, पुरावा?" तो वहीतला चिठोरा दिला. त्यांनी तो दोन बोटांत धरून उजेडात बघितला. तसाच, पाचशेच्या नोटेसारखा.

आवक शिक्क्याची पोच घ्यायला मी तासभर उभा होतो. पोच मिळाल्याशिवाय अर्ज देऊन उठू नका, नाहीतर तो अर्ज कधी दिलाच नव्हता असं होतं. वरच्या कार्यालयात लेखी पाठवला, तिथून तो खाली त्याच टेबलावर आला. अडीच महिन्यांनी चौकशीला बोलावलं, मला! त्याला नाही. तो "मिळून येत नाही". माझ्या शेजाऱ्याला तो मागच्याच आठवड्यात भाजी बाजारात मिळून आला होता.

यूपीआयचे चाळीस हजार तरी कदाचित अडले असते. पण १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन त्याच दिवशी करायचा असतो, मी केला तीन महिन्यांनी. तिथे दोष माझा.

सध्या ग्राहक आयोगात जायची तयारी चाललीय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. साडूंची खर्चाची वही आता पुरावा म्हणून लावतोय. ते नारळाच्या पाण्याचे पैसेसुद्धा लिहितात, मी त्यांना आयुष्यभर चिडवलं त्यावरून. चौदांपैकी नऊ जण सह्या द्यायला तयार आहेत. बाकीचे म्हणतात, "बिल नाही घेतलं हे आपणच कोर्टात सांगायचं का?" ह्याच लाजेवर तो जगतोय. मी सांगणार आहे.

मागच्या रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली. नवीन नाव, नवीन रंग, फोटो तोच नऊ कमानींचा पूल. "पंचवटी ते अशोकवाटिका, माणशी फक्त ६६,९००, बिलाशिवाय विशेष सवलत." मी खाली लिहिलं, हाच तो माणूस, पैसे देऊ नका, मला फोन करा. दहा मिनिटांत ॲडमिनने माझा मेसेज काढून टाकला आणि लिहिलं, "वैयक्तिक वाद ग्रुपवर नकोत." जाहिरात अजून आहे. खाली सात अंगठे आलेत, त्यातल्या तिघांना मी ओळखतो. उद्या सकाळी त्यांच्या घरी जाणार आहे, वही घेऊन.