नळी दुमडून भरायची एअर रायफल की पीसीपी (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक, म्हणजे आधीच दाबून हवा भरलेली रायफल)?

पुण्यातल्या बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर मुलांना घेऊन येणारे पालक हमखास हा प्रश्न विचारतात. आधी एक स्पष्ट करते: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, त्यामुळे सिंहगडाच्या पायथ्याशी ससे-तितर टिपायचा विचारसुद्धा नको. इथे बोलतेय ते फक्त कागदी लक्ष्याबद्दल.

नळी दुमडायच्या रायफलीत नळी खाली ओढली की स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि त्या दाबलेल्या हवेने छर्रा सुटतो. पंप नको, सिलिंडर नको. पण छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल हलते, आधी मागे, मग पुढे. पकड जरा घट्ट-सैल झाली की नेम सरकतो. शिवाय लहान मुलांना प्रत्येक वेळी ती ओढणं जड जातं.

पीसीपीमध्ये हवा आधीच भरलेली असते, स्पर्धेच्या रायफलीत साधारण २०० बार दाबापर्यंत. धक्का जवळजवळ नाहीच. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथे चूक रायफलीची की आपली, हे लगेच कळतं, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं. महाग आहे, हवा भरायची सोयही लागते. रेंजवर ती असतेच.

स्पर्धेत उतरायचं असेल तर माझं मत सरळ पीसीपीला. पण स्पर्धेत उतरेपर्यंत ती विकत घेऊ नका, क्लबची वापरा. घरी हौसेपुरतं हवं असेल तर नळी दुमडायची चालेल, मात्र छर्रा अडवणारी भक्कम पेटी आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.