मायसेल, पीएलजीए कण की औषध-पॉलिमर संयुग? कर्करोगाच्या औषधासाठी वाहक निवडताना

कर्करोगाचे औषध गाठीपर्यंत नेणारा आणि वाटेत त्याचा माग काढू देणारा पॉलिमर वाहक निवडताना बहुधा कणाचा आकार, त्यात मावणारे औषध आणि पृष्ठभागावरचा लेप यांचीच तुलना होते. माझ्या मते त्याआधी औषध वाहकात नुसते कोंडलेले आहे की रासायनिक बंधाने जोडलेले आहे, हे ठरायला हवे. वाहकाला लावलेला चकाकणारा रंग किंवा किरणोत्सारी अणू केवळ स्वतःचा ठावठिकाणा सांगतो. औषधही तेथेच असेल याची हमी तो देत नाही.

पाण्यात न विरघळणारे औषध लवकर रुग्णापर्यंत न्यायचे असेल, तर मायसेल सर्वांत सोयीचे ठरते. पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि पॉलिलॅक्टिक आम्ल यांच्या जोडसाखळ्या पाण्यात आपोआप एकत्र येतात आणि त्यांच्या गाभ्यात पॅक्लिटॅक्सेलसारखे औषध सामावते. दक्षिण कोरियात मान्यता मिळालेले जेनेक्सॉल-पीएम याच पद्धतीचे आहे. पॅक्लिटॅक्सेलच्या जुन्या इंजेक्शनातील क्रेमोफोर या द्रावकामुळे तीव्र ॲलर्जीचा धोका असतो आणि मायसेलमुळे तो द्रावक टळतो, हा लाभ मोठा आहे. मात्र या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या नसतात. रक्तात त्या विरळ झाल्या आणि प्रथिनांनी औषध ओढून घेतले, की ते वाहकाबाहेर पडते. अशा मायसेलला लावलेली खूण गाठीत दिसली, तरी औषध तिच्यासोबत पोहोचले असे म्हणता येत नाही.

पीएलजीए, म्हणजे पॉलि(लॅक्टिक-को-ग्लायकोलिक आम्ल), या पॉलिमरचे कण याहून टिकाऊ असतात. पाण्याच्या क्रियेने त्यांचे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लात विघटन होते आणि या दोन घटकांचे प्रमाण बदलून विघटनाचा वेग कमीजास्त करता येतो. या पॉलिमरचा वैद्यकातला अनुभवही जुना आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीचे ल्युप्रॉन डेपो अमेरिकेत 1989 मध्ये मान्य झाले. परंतु ते स्नायूत टोचले जाणारे सूक्ष्मकण आहेत, शिरेतून जाणारे नॅनोकण नव्हेत, हा फरक अनेक प्रस्तावांत सोयीस्करपणे गाळला जातो. शिरेतून दिलेला कण यकृत आणि प्लीहेतील भक्षकपेशी काही तासांत उचलू शकतात, तेव्हा त्याचे आठवडाभर चालणारे विघटन गाठीच्या फारसे उपयोगी पडत नाही. शिवाय पृष्ठभागाजवळचे औषध सुरुवातीलाच झपाट्याने बाहेर पडते, ते वेगळेच.

औषध-पॉलिमर संयुगात औषध पॉलिमरच्या साखळीलाच जोडलेले असते. ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांनी 1975 मध्ये मांडली. पुढे आलेल्या पीके1 या संयुगात डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध एचपीएमए या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरला चार अमिनो आम्लांच्या दुव्याने जोडले होते. हा दुवा रक्तात टिकतो आणि पेशीच्या लायसोसोममधील (पचन करणाऱ्या पिशवीतील) कॅथेप्सिन-बी या विकराने तुटतो. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत त्याची सहन होणारी कमाल मात्रा प्रति चौरस मीटर 320 मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिनइतकी निघाली, तर मोकळे औषध साधारण 60 ते 75 मिलिग्रॅम दिले जाते. यकृताच्या कर्करोगासाठी तयार केलेल्या पीके2 या संयुगाचा माग किरणोत्सारी आयोडीन-123 ने घेतला गेला आणि यकृतात पोहोचलेल्या पदार्थाचा मोठा भाग निरोगी ऊतींमध्येच आढळला. माग काढण्याचे खरे मोल अशा निष्कर्षात असते. संयुगाच्या मर्यादाही आहेत: औषधावर जोडणीयोग्य रासायनिक गट लागतो, औषधाचा भार कमी असतो, आणि एचपीएमएची साखळी शरीरात तुटत नसल्याने मूत्रपिंडातून बाहेर पडेल इतकीच लांब ठेवावी लागते. डेंड्रिमरचा, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या पॉलिमर रेणूचा, आकार अत्यंत नेमका असतो, पण पृष्ठभागावर धन प्रभार असलेले प्रकार पेशींना घातक असतात. पहिल्या प्रकल्पासाठी मी ते घेणार नाही.

खूण निवडताना घड्याळाकडे पाहावे. रक्तात दोन-तीन दिवस फिरणाऱ्या वाहकाला सुमारे 110 मिनिटांच्या अर्धायुष्याचे किरणोत्सारी फ्लोरिन-18 निरुपयोगी आहे. तेथे सुमारे 78 तासांचे झिर्कोनियम-89 हवे. तांबे-64 चे अर्धायुष्य सुमारे 12.7 तास असल्याने ते या दोहोंच्या मध्ये बसते. निकट-अवरक्त रंग स्वस्त आणि उंदरात उत्तम, पण त्यांचा प्रकाश ऊतींतून फार खोलवरून येत नाही, त्यामुळे माणसाच्या यकृतातील गाठीसाठी त्यांच्यावर विसंबू नये. एमआरआयमध्ये लोहऑक्साइड किंवा गॅडोलिनियम खोलवरचे चित्र देतात, मात्र त्यांची मात्रा बरीच जास्त लागते.

अपेक्षाही माफक हव्यात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात प्राण्यांच्या गाठीत पोहोचलेल्या नॅनोकणांचे मध्यक प्रमाण दिलेल्या मात्रेच्या 0.7 टक्के इतकेच होते.

म्हणून वाहक कोणताही घेतला, तरी प्राण्यांवरील प्रयोगाआधी तो रक्तद्रवात 37 अंश सेल्सिअसला एक दिवस ठेवून आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभातून काढावा आणि प्रत्येक अंशात खूण व औषध स्वतंत्रपणे मोजावे. दोन्ही एकाच अंशात उतरले, तर पुढच्या चित्रांवर विश्वास ठेवता येईल. खूण मोठ्या कणांसोबत आणि औषध प्रथिनांसोबत निघाले, तर संयुगाकडे वळावे, किंवा त्या वाहकाच्या चित्रांवरून औषधाविषयी काहीही अनुमान काढू नये.