आमचीच माती आम्हाला विकली

आधीच सांगते, स्विमिंग पूलमध्ये काही खोट नाही. भरल्यावर पायरीवर पाण्याची बादली ठेवून पाहिली. पंप बंद ठेवला आणि चोवीस तासांत बादलीतलं पाणी जेवढं उतरलं, तेवढंच पूलमधलंही उतरलं. म्हणजे नुसतं बाष्पीभवन, गळती नाही. आम्ही फसलो ते त्याच्या भोवतीच्या बागेत. ते कळायला पाच महिने लागले, कारण तोवर घरातला जो तो निळ्या पाण्याकडेच बघत होता.

बाग आईची, तीस वर्षांची. शहरातल्या घरामागे असते तेवढीच. मध्ये बकूळ, कडेने वाफे, आणि वाफ्यांच्या कडांना निळ्या टाइल्सचे तुकडे रोवलेले. न्हाणीघराच्या फरशीतून उरलेल्या त्या टाइल्स आईने आम्हा भावंडांना हाताशी घेऊन फोडल्या होत्या. नातवंडांसाठी पूल करायचा ठरला, तेव्हा तिची अट एकच होती: बकूळ राहिली पाहिजे.

कंत्राटदार गोड बोलणारा. "ताई, झाडाची काळजीच सोडा, ती आमची जबाबदारी." हे वाक्य कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं. कोटेशनमध्ये होतं 'खोदाई व माती विल्हेवाट: आवश्यकतेनुसार' आणि खाली 'बागेसाठी तयार माती: आवश्यकतेनुसार'. या 'आवश्यकतेनुसार'वर मी डोळे मिटून सही केली. एरवी किराणा दुकानाचं बिलसुद्धा दोनदा तपासणारी बाई मी!

आता तो हिशेब मांडते, जो मी तेव्हा मांडायला हवा होता. पूल 8 बाय 4 मीटर. भिंतींची जाडी आणि माणसांना काम करायला जागा धरून खड्डा 9 बाय 5, खोली सरासरी 1.7 मीटर. म्हणजे साधारण 76 घनमीटर. खोदलेली माती फुगते. पाव पट वाढ धरली तर 95. पाच घनमीटरच्या ट्रकच्या एकोणीस खेपा. बिलात होत्या एकतीस. कुणी मोजल्या? मुकादमाने. त्याच्या वहीवर आमच्यापैकी कुणाचीही सही नव्हती.

खेपांचं एक वेळ सोडून देईन. खरी चोरी वरच्या थराची होती. वरची 30 सेंटीमीटर माती म्हणजे तीस वर्षांचा पालापाचोळा, शेणखत आणि गांडुळांची मेहनत. नीट काम करणारा माणूस ती आधी वेगळी काढतो, झाकून ठेवतो आणि काम संपल्यावर परत पसरतो. आमच्याकडेही ती वेगळी काढली होती, एवढं मी खिडकीतून पाहिलं आणि मनात म्हटलं, माणूस जाणता आहे. जाणता होताच. संध्याकाळी तो ढीग ट्रकमध्ये चढला आणि खड्ड्याच्या तळातला मुरूम वाफ्यांवर पसरला गेला. तो जेसीबी फिरून दगडासारखा दाबला गेला. दोन महिन्यांनी 'खास तयार माती'चे चार ट्रक आले, वेगळ्या बिलाने.

पहिला जोरदार पाऊस पडल्यावर आई नव्या वाफ्याशी वाकून काहीतरी वेचत होती. हातात निळे तुकडे. एक, दोन, मग सात. "हे बघ, माझ्या टाइल्स," म्हणाली. नव्या, विकत घेतलेल्या मातीत.

मग मी खुरपं घेतलं. नवीन झुडपं कोमेजत होती, त्यातलं एक उपटलं तर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट हातात आलं. मुळं आतल्या आत गोल गोल फिरून पिशवीला चिकटलेली. त्या ओळीतल्या चौदापैकी अकरा झाडं तशीच, पिशवी न काढता पुरलेली. बोटभर खाली मुरूम, त्यात सिमेंटच्या गोण्यांच्या चिंध्या. त्यात भर म्हणजे फिल्टर उलटा धुतल्यावर निघणारं क्लोरीनचं पाणी आराखड्याप्रमाणे गटाराला न जोडता या वाफ्यातच सोडलेलं. दहा मीटर पाइप वाचवला पठ्ठ्याने.

बकुळीचं सांगायला जीव होत नाही. खोड 40 सेंटीमीटर जाडीचं. झाडांच्या जाणकाराला नंतर बोलावलं, तेव्हा त्याने सांगितलं की खोडाच्या व्यासाच्या बारापट अंतरापर्यंत, म्हणजे इथे जवळजवळ पाच मीटर, चारी बाजूंनी खोदकाम टाळायचं असतं; अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या मीटरातच असतात. आमचा खड्डा दोन मीटरवर होता. मुळं करवतीने कापलेलीही नव्हती, जेसीबीच्या दातांनी ओरबाडलेली होती. आराखड्यात मात्र बकूळ म्हणजे पूलशेजारचं एक सुबक हिरवं वर्तुळ.

भांडायला गेलो तेव्हा कळलं की भांडायला हातात काही उरलेलंच नाही. 40 टक्के आगाऊ, 30 खोदाई झाल्यावर, 20 पूलमध्ये पाणी भरल्यावर. बागेचं सगळं काम पाणी भरल्यानंतरचं, त्यासाठी आमच्याकडे उरले 10 टक्के. ते मागायलासुद्धा तो आला नाही. बागेचा हप्ता वेगळा ठेवला असता, मातीचा ढीग आणि ट्रकची खेप रोज फोटो काढून घनमीटरमध्ये लिहून घेतली असती, झाडाभोवतीचं अंतर कोटेशनमध्ये आकड्यात मागितलं असतं, तर कदाचित त्याने दुसरं गिऱ्हाईक शोधलं असतं. तेही चाललं असतं.

पिशव्या आम्ही काढल्या, पाइप वळवून घेतला, मुरूम अजून उपसतोय. बकूळ पूलच्या बाजूने वाळली आहे, दुसऱ्या बाजूने तग धरून आहे. दोन वर्षं वाट पाहा, असं जाणकार म्हणतो. वेचलेले निळे तुकडे आईने एका कुंडीत जमवलेत, कुणाला हात लावू देत नाही.

मागच्या महिन्यात कंत्राटदाराचा मेसेज आला. पूलचे दोन-चार चांगले फोटो मिळतील का, नव्या गिऱ्हाइकाला दाखवायचेत. मी बकुळीचे पाठवले. पाहिलेत त्याने, उत्तर नाही.