मेलेली कोंबडी पुरावी की जाळावी?

परसातल्या आठ-दहा कोंबड्यांपैकी एखादी सकाळी खुराड्यात मरून पडलेली दिसते, तेव्हा जीव हळहळतो आणि पहिला प्रश्न हाच पडतो. उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकली तर कुत्री-कावळे रोग गावभर नेतात, म्हणून तो विचारच नको.

पुरण्याला खर्च थोडा: किलोभर चुना आणि तासाभराची मेहनत. खड्डा ३ फूट तरी खोल हवा; दीड फुटावर पुरली की कुत्री रात्रीत उकरून काढतात. तळाशी चुना, कोंबडीवर पुन्हा चुना, माती दाबून वर जड दगड. विहीर, बोअर, ओढा यांच्या जवळ मुळीच पुरू नये. कोकणात जिथे हातभर खणले की कातळ लागतो किंवा पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, तिथे हा मार्ग बंदच.

जाळल्याने विषाणू मरतो, पण पूर्ण राख झाली तरच. पालापाचोळ्यावर टाकलेली कोंबडी वरून करपते, आत कच्ची राहते. खालून हवा खेळेल असे सुके सरपण, त्यावर गोवऱ्या, आणि शेवटपर्यंत राखण. पिसांचा वास दाट वस्तीत कोणी सहन करत नाही.

खोल माती असेल आणि एखादीच दगावली असेल, तर पुरा. कातळ किंवा पाणथळ जागा असून घरापासून लांब शेत असेल, तर जाळा. दोन दिवसांत तीन-चार गेल्या, तर दोन्ही थांबवा. हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) की बर्ड फ्लू, हे नमुना तपासल्याशिवाय ठरत नाही.