विली वॉन्काच्या कारखान्यात, मोठेपणी

लहान असताना 'विली वॉन्का अँड द चॉकलेट फॅक्टरी' पाहिला, तेव्हा मनात घर करून राहिली होती ती चॉकलेटची नदी. इतक्या वर्षांनी १९७१ सालचा हा संगीतमय चित्रपट पुन्हा पाहताना ती नदी गढूळ, तपकिरी पाण्यासारखी दिसली आणि नजर खिळली ती वॉन्का झालेल्या जीन वाइल्डरवर.

चॉकलेट कारखान्याचा मालक वॉन्का प्रथम दिसतो तोच काठी टेकत, लंगडत. जमलेली गर्दी चिडीचूप होते. मग काठी फरशीच्या फटीत रुतून मागेच उभी राहते, तो तोल जाऊन पुढे कोसळतो आणि जमिनीला टेकता टेकता कोलांटी मारून ताठ उभा राहतो. हा प्रवेश असाच असेल तरच भूमिका करीन, अशी अट वाइल्डरने घातली होती, कारण त्यानंतर हा माणूस खरे बोलतो की खोटे, हे प्रेक्षकाला कधीच कळू नये, असे त्याला वाटत होते. त्या अटीचे मोल पुढे पदोपदी जाणवते. कारखाना पाहायला आलेली हट्टी, खादाड मुले संकटात सापडतात तेव्हा वॉन्का "थांबा, नको" असे पुटपुटतो खरा, पण त्या स्वरात थांबवण्याची इच्छा नावालाही नसते. लहानपणी हे ध्यानात आले नव्हते. आता मात्र त्याच्या शांत हसण्याची थोडी धास्तीच वाटते.

दिग्दर्शक मेल स्टुअर्ट कारखान्याचे दार उघडायला जवळपास अर्धा चित्रपट लावतात. कारखान्यात प्रवेश देणाऱ्या सोनेरी तिकिटांसाठी वेड्या झालेल्या जगाची टवाळी चुरचुरीत आहे, परंतु तिकीट मिळवणाऱ्या गरीब चार्लीच्या आईचे गाणे आजही रेंगाळते आणि तेवढ्यापुरता चित्रपट पेंगतो. लेस्ली ब्रिकस आणि अँथनी न्यूली यांच्या इतर गाण्यांबद्दल अशी तक्रार नाही. विशेषतः चॉकलेटच्या दालनातले गाणे वाइल्डर इतक्या हलक्या आवाजात म्हणतो, की ते गाणे न वाटता निमंत्रण वाटते. जाता जाता एक गंमत: हाव धरू नये असे सांगणाऱ्या या चित्रपटाला पैसा पुरवला तो क्वेकर ओट्स कंपनीने, तोही स्वतःची चॉकलेटे खपावीत म्हणून.

मूळ कादंबरीकार रोआल्ड डाल यांना हे रूपांतर रुचले नव्हते. माझ्या मते मात्र शेवटचा प्रसंगच चित्रपटाला तारून नेतो. घड्याळापासून टेबलापर्यंत प्रत्येक वस्तू अर्धी कापलेल्या त्या कचेरीत वॉन्का चार्लीवर अक्षरशः खेकसतो. चार्ली झालेला पीटर ऑस्ट्रम, ज्याने पुढे एकाही चित्रपटात काम न करता पशुवैद्यकाचा पेशा पत्करला, उलट उत्तर देत नाही. प्रतिस्पर्ध्याला विकून श्रीमंत होता आले असते ती वॉन्काने दिलेली चघळायची गोळी तो निमूटपणे टेबलावर ठेवतो आणि वळतो. वॉन्का मान वर करत नाही. फक्त त्याचा हात हळूच सरकून त्या गोळीवर मिटतो.