सीमलेसच्या पैशांत फर्निचरचा पाइप: माझ्या एस्टीमच्या रोल केजचा अनुभव

जुनी गाडी ऑटोक्रॉससाठी (आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर वेळ लावून होणाऱ्या शर्यतीसाठी) तयार करणाऱ्यांपैकी कुणी रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा, बनवायला टाकायच्या विचारात असेल, तर आधी हे वाचा. माझे ८५ हजार गेले. पैशांचं सोडा, तो केज घालून मी गाडी पळवणार होतो, हे आठवलं की अजून झोप उडते.

गाडी २००३ ची मारुती एस्टीम. १.३ लिटरचं सोळा व्हॉल्वचं इंजिन, ८५ बीएचपी, अंगाने हलकी. या खेळात नव्याने येणाऱ्याला परवडेल अशी. गाडी मी स्वतःच उघडली. सीटा, कार्पेट, एसी, दारांचे ट्रिम सगळं काढलं. तळाला चिकटवलेल्या डांबरी शीट हीट गनने मऊ करून पटाशीने खरवडल्या, त्यातच तीन रविवार गेले. ड्रायव्हरच्या पायाखाली, कार्पेटच्या आड, पत्रा तळहाताएवढा कुजलेला निघाला. तो कापून नवा पत्रा लावायचा आणि मगच त्यावर केजचा पाय बसवायचा, असं गॅरेजवाल्याला मी बजावून सांगितलं होतं.

"भाऊ, टेन्शन घेऊ नका. सीमलेसच टाकतो," तो म्हणाला. सीमलेस म्हणजे लांबीत कुठेही जोड नसलेला पाइप. पुण्यात रेसिंगच्या गाड्या करणारा म्हणून नाव होतं, भिंतीवर फोटो होते. मी विश्वास ठेवला. महिनाभराने गाडी मिळाली तेव्हा केज पांढऱ्या रंगात चमकत होता. रंग न मारता दाखव म्हटलं होतं, तर म्हणे पावसात गंज धरला असता. तिथेच मला शंका यायला हवी होती.

पहिल्याच स्पर्धेच्या स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत, सगळं उघडं पडलं. तपासणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी बोल्टवर बसवलेला दाराचा आडवा पाइप खोलायला लावला आणि मला म्हणाले, "बाळा, आत बोट घाल." बोटाला आतून एक उभी, उठलेली रेघ लागली, टोकापासून आत बोट पोहोचेल तिथपर्यंत. पत्रा वळवून जोडल्याची वेल्डची रेघ, फर्निचरच्या पाइपला असते तशी. कोल्ड ड्रॉन (थंड असतानाच ओढून काढलेल्या) सीमलेस पाइपला ती नसते. मग त्यांनी मुख्य हूपला (सीटांमागे उभ्या असलेल्या केजच्या मोठ्या कमानीला) छोटं भोक पाडून जाडी मोजली: १.६ मिलिमीटर. एफआयए या मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य हूपला ४५ मिमी व्यासाचा २.५ मिमी जाडीचा किंवा ५० चा २ मिमी जाडीचा सीमलेस पाइप लागतो. माझा ४५ चाच होता, म्हणून बाहेरून काहीच कळत नव्हतं. फरक वजनात होता: मीटरला २.६ किलो भरायला हवं, तिथे १.७ भरत होतं.

छताजवळचे जोड तर त्याहून वाईट. आरसा आणि टॉर्च धरून त्यांनी दाखवलं: पाइपच्या खालच्या अर्ध्या बाजूला वेल्डिंग, छताकडच्या बाजूला नुसती फट आणि तिच्यावर रंग. तिथे वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही, म्हणून चांगला कारागीर तळाला भोकं पाडून केज खाली उतरवतो, पाइपभोवती पूर्ण वेल्ड मारतो, मग केज वर उचलून पायाच्या प्लेटा लावतो. त्याला दोन दिवस जास्त लागतात, तेवढेच याने वाचवले. आणि तो कुजलेला पत्रा? चुंबक लावलं तर चिकटेना. आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. त्या लांबीवर केजचा पाय उभा होता! गाडी उलटली असती तर तो पाय तळातून आरपार गेला असता.

मला स्पर्धेत उतरू दिलं नाही. त्या माणसाचे मी आजन्म आभार मानीन.

गॅरेजवाल्याला गाठलं तर म्हणाला, "लोखंड ते लोखंड, भाऊ." बिलावर फक्त "रोल केज काम, नग १" एवढंच. पाइपचा प्रकार, व्यास, जाडी, काहीच लिहिलेलं नाही, आणि माझ्या बाजूने हीच सगळ्यात कच्ची गोष्ट आहे. कोटेशनवरच हे तिन्ही लिहून घ्या, पाइप खरेदीचं बिल आणि मिलचं (पाइप बनवणाऱ्या कारखान्याचं) टेस्ट सर्टिफिकेट मागा, कापलेला एक तुकडा स्वतःकडे ठेवा. काम चालू असताना जा आणि प्रत्येक जोड रंगाआधी बघा. "आत्ता येऊ नका" म्हणाला तर गाडी उचलून आणा. फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे, आणि ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मी भोक पाडलेल्या पाइपचे, लांबीचे, मोजमापाचे फोटो जोडून केली आहे. निकाल व्हायचा आहे.

केज मी ग्राइंडरने कापून काढला. नवे पाइप भोसरीहून स्वतः जाऊन आणले, दुकानातच दोन्ही टोकांना व्हर्नियर कॅलिपर लावून, जाडी मोजून. सध्या मुख्य हूप उभा आहे, वेल्ड उघडे आहेत, आणि दर रविवारी मी आरसा घेऊन त्यांच्यावरून फिरतो.