प्रीअ‍ॅम्प ते पॉवर अ‍ॅम्प: आरसीए घ्यावी की एक्सएलआर?

प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प वेगवेगळे घ्यायचं ठरलं, की केबलपाशी गाडी अडते. प्रीअ‍ॅम्प म्हणजे गाणं निवडायचा आणि आवाज कमी-जास्त करायचा डबा; पॉवर अ‍ॅम्प तोच सिग्नल स्पीकर चालवण्याइतका मोठा करतो. दोन्हींच्या पाठीमागे बऱ्याचदा दोन प्रकारच्या जोडण्या असतात: एका पिनची आरसीए आणि तीन पिनांची गोल एक्सएलआर. माझं मत आधीच सांगतो. दोन्ही यंत्रं एकाच रॅकवर असतील, केबल मीटर-दीड मीटरची असेल, तर आरसीए घ्या आणि वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. पॉवर अ‍ॅम्प खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्पीकरजवळ ठेवणार असाल तर मात्र एक्सएलआर.

खरा प्रश्न अर्थिंगचा आहे. आरसीएत मधली पिन सिग्नल नेते आणि बाहेरची जाळी ही त्याची परतीची वाट. तीच जाळी सहसा दोन्ही यंत्रांच्या बॉडीशीही जोडलेली असते. दोघांचे थ्री-पिन प्लग दोन वेगळ्या बोर्डांवर असले, की दोन अर्थमधल्या जराशा फरकामुळे जाळीतून करंट वाहू लागतो आणि थेट सिग्नलमध्ये मिसळतो. ५० किंवा १०० हर्ट्‌झची ती हमिंग, म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण, बहुतेक वेळा इथूनच येते. एक्सएलआरमध्ये २ नंबरच्या पिनवर सिग्नल, ३ वर तोच उलटा आणि १ वर जाळी. पॉवर अ‍ॅम्प फक्त २ आणि ३ मधला फरक घेतो, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट वजा होऊन जातो.

धरमपेठेतल्या आमच्या घरी प्रीअ‍ॅम्प दिवाणाशेजारी आणि पॉवर अ‍ॅम्प पाच मीटरवर, समोरच्या भिंतीला. एप्रिलात खिडकीला कुलर लागला आणि त्याचा पंप पॉवर अ‍ॅम्पच्याच बोर्डावर आला. गाणं थांबलं की हमिंग स्पष्ट ऐकू यायची आणि पंपाचं बटण दाबलं की स्पीकरमधून ‘टक्’. आधी एक्सटेन्शन ओढून दोन्ही अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घेतले. हमिंग पुष्कळ कमी झाली, पण ‘टक्’ राहिलाच. एक्सएलआर लावल्यावर स्पीकरच्या जाळीला कान लावूनही हमिंग सापडेना आणि पंपाचा ‘टक्’ही गेला. नागपुरात मे महिन्यात कुलर बंद ठेवून गाणं ऐकायचं म्हणजे घामाने भिजायचं, म्हणून मला हा फरक फार मोलाचा वाटतो. एक मात्र कळकळीने सांगतो: हमिंग घालवायला प्लगची अर्थपिन काढू नका. बॉडीत करंट उतरला तर जिवावर बेतेल.

दुकानात दोन्ही ऐकून ठरवणार असाल तर सावध राहा. एक्सएलआरने आवाज बहुधा ६ डेसिबलने वाढतो आणि मोठा आवाज कानाला नेहमी छानच वाटतो. व्हॉल्यूम सारखा करून घ्या, मग ऐका. छोट्या केबलवर मला तरी फरक जाणवला नाही.

एक्सएलआरचं सॉकेट दिसलं म्हणजे आतलं सर्किट बॅलन्स्ड, म्हणजे सुलटा आणि उलटा असे दोन्ही सिग्नल वापरणारं, असेलच असं नाही. काही अ‍ॅम्पमध्ये ३ नंबरची पिन आतून नुसती अर्थला टेकवलेली असते. मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर विक्रेत्याला सरळ विचारा. प्रीअ‍ॅम्पला फक्त आरसीए असेल, तर अ‍ॅडॅप्टर लावून एक्सएलआरचा पूर्ण फायदा मिळत नाही.

व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) प्रीअ‍ॅम्प असेल तर आणखी एक आकडा तपासा: इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा, ओहममध्ये मोजलेला. पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान १० पट हवा. ६०० ओहमच्या प्रीअ‍ॅम्पपुढे ४७ किलोओहमचा पॉवर अ‍ॅम्प असेल तर निर्धास्त राहा. तेच आउटपुट ५ किलोओहमचं आणि इनपुट १० चं असलं, तर आवाज पडतो, बेस बारीक होतो आणि कोणतीही महागडी केबल ते भरून काढत नाही.

आरसीए काढता-लावताना पॉवर अ‍ॅम्प बंदच हवा, कारण तिची मधली पिन जाळीच्या आधी टेकते आणि त्या क्षणाला जोरात भुंकल्यासारखा आवाज येतो. एक्सएलआर खटकन लॉक होते, ओढ बसली तरी निसटत नाही. घरात लहान मुलं असतील तर हे कामाला येतं.

सुरू करताना प्रीअ‍ॅम्प आधी, पॉवर अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना उलट. वादळात लाइन गेली की मी टॉर्च शोधायच्या आधी पॉवर अ‍ॅम्पचं बटण बंद करतो. लाइन परत येते तेव्हा दोन्ही एकदम सुरू झाले, तर प्रीअ‍ॅम्पचा धक्का सरळ वूफरवर जातो.